तुळईखालची जागा

सुताराला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडला की भिंत सरळ आहे की वाकडी ते सांगून मोकळा होतो, घरमालकाची भीड धरत नाही. सुताराचंही तसंच होतं. वाकडं दिसलं की बोलल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. त्यामुळे लोक त्याला दारं-खिडक्या करायला बोलावत, जेवायला बोलावत नसत.

पावसाआधी प्रार्थनाघराची कौलं चाळायचं काम त्याच्या घराकडे होतं. त्या वर्षी ऊन असं होतं की सकाळी दहालाच शिडीचे दांडे हाताला चटके देत. फुटकी कौलं खाली देऊन झाली, तसा तो आतल्या बाजूला शिडी लावून तुळईपाशी चढला. ती एकच तुळई, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सगळं छप्पर तिच्या जिवावर. आठच दिवसांपूर्वी तिला अंघोळ घातली होती. वर्षातून एकदा प्रत्येक घरातला एकजण तांब्याभर पाणी घेऊन शिडी चढायचा आणि तुळईवर ओतायचा. पणजोबांपासून चालत आलेलं.

सुतारानं लाकडावरून हात फिरवत नेला. भिंतीजवळ हात थांबला. तिथं लाकूड गार लागलं. बाहेर जमीन भाजत असताना लाकूड गार लागावं, हे त्याला आवडलं नाही. त्यानं कमरेचं गिरमिट काढून टोक टेकवलं. पहिल्या दोन पिळांना लाकूड कुरकुरलं. तिसऱ्याला गिरमिट लोण्यात शिरल्यासारखं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला ओला, काळा भुसा.

"काय पाडतोस रे डोक्यावर?" खालून आई म्हणाली.

आई त्याच भिंतीला पाठ टेकून बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची ती जागा. भिंतीला तिच्या पाठीचा आणि डोक्याचा तेलकट डाग पडला होता. तिच्या पांढऱ्या केसांवर काळा भुसा पसरला होता. ती तो बोटांनी झाडत होती.

"आई, तिथून ऊठ."

"का? जागा विकत घेतलीस का?"

---

पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर सुतार उभा राहिला. प्रार्थना थोरले काका सांगत. ते त्याच्या वडिलांचे सख्खे मोठे भाऊ. धंदा दोर वळायचा. सत्तरी उलटलेली, पण तळहात अजून खडबडीत कातड्याचे. सगळी मंडळी त्यांना काकाच म्हणत. तुळईवर पहिला तांब्या दरवर्षी त्यांचा असे.

"तुळई कुजली आहे," सुतार म्हणाला. "पावसाआधी बदलावी लागेल."

काका सावकाश म्हणाले, "ती तुळई आपल्या मूळ पुरुषांनी बसवली आहे. त्यांचा हात लागलाय तिला. बघू. घाई नको."

"हात लागला असेल. आता कूज लागली आहे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सुताराला ते हसू चढलं. त्यानं गिरमिटाचा भुसा कागदात बांधून आणला होता. तो पुढं गेला आणि काकांसमोरच्या चौरंगावर त्यानं कागद उघडला.

"बघा. पिढ्यान्पिढ्या पाणी ओतलंत. पाणी गेलं कुठं? भिंतीत. तुमच्या भक्तीनंच कुजवली तुळई. कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे प्रार्थना पोचली म्हणायचं का?"

आता बरेच जण हसले. गिरणीवाली तर पदर तोंडाला लावून हसली. काकांनी कागदाकडे बघितलं. काळ्या भुशाला बोट लावलं, बोट धोतराला पुसलं, आणि काठी टेकून उठले. दारात त्यांना चपला सापडेनात. गर्दीत कुणीतरी लाथाडल्या होत्या. ते एका पायानं चाचपत राहिले, हा जोड, तो जोड. सुतार तीन हातांवर उभा होता. एक चप्पल त्याच्याच पायाशी होती. तो वाकला नाही.

काका एका चपलेवर घरी गेले.

---

दुसऱ्या दिवसापासून सुतार कामाला लागला. परसात दोन वर्षं वाळवलेला ओंडका होता, घराच्या नव्या आढ्यासाठी राखून ठेवलेला. तोच त्यानं काढला. मोठी करवत दोघांची असते. दुसऱ्या टोकाला बायको बसली.

"अहो, सगळे हसले ना तुमच्या बाजूनं," ती करवत ओढत म्हणाली. "मग ओढायला मीच का?"

"येतील."

आले नाहीत. चार दिवस तासायला वाकस चालला. दोन दिवस रंधा. बायकोच्या तळहातांना फोड आले, फुटले, तिथं चिंध्या बांधून ती परत बसली. तुळई तयार झाली. सरळ अशी की डोळा लावून बघितलं तर नजर घसरत जावी. पण ती उचलायची म्हणजे बारा खांदे हवेत. जुनी उतरवायची, नवी चढवायची, आणि मधल्या वेळात छप्पर टेकूंवर धरायचं.

सुतार घरोघर निघाला. गवंडी अंगणात चुना मळत होता.

"तुझं खरं आहे रे," गवंडी म्हणाला. "कुजलीय ती. पण माझी कंबर..."

"काल तर पोतं उचलत होतास."

"कालच भरली ती."

गुराखी म्हणाला, काका आले तर येतो. गिरणीवाली म्हणाली, माझे दोन्ही मुलगे धाडते, पण काकांना विचारून ये. सुतार चिडला. "त्या दिवशी तूच सगळ्यात जास्त हसलीस!"

"हसले. आणि घरी जाऊन रडले," ती जात्याची पाळ झाडत म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा तो म्हातारा नऊ दिवस माझ्या ओट्यावर बसून होता. तू नव्हतास. हसायला काय लागतं? जीभ टाळ्याला लावली की हसू येतं. खांदा द्यायला मन लागतं, बाबा."

परतताना सुतार प्रार्थनाघरात डोकावला. त्यानं भिंतीजवळ एक टेकू लावून ठेवला होता. कोरड्यात तो तग धरेल. पण कौलं पाणी प्यायली की छप्पर दुप्पट जड होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? टेकूच्या बुडाशी आई बसली होती, पाठ भिंतीला, एक हात टेकूवर, जणू तीच त्याला धरून होती.

"आई, पाया पडतो. पलीकडच्या भिंतीशी बस."

"पलीकडे कोण बसतं? सगळ्या खोकणाऱ्या. भाऊजी सांगतील तेव्हा उठेन."

"काकांना कळत नाही त्यातलं!"

आईनं त्याच्याकडे वर बघितलं. "बस खाली. मान दुखते माझी." तो बसला. "भाऊजींचं म्हणणं काय आहे, सांग बघू मला."

"त्यांना तुळई बदलायची नाही."

"हे तुझं म्हणणं झालं. त्यांचं काय?"

"जुनं ते सोनं. दुसरं काय?"

"हेही तुझंच. त्यांचं सांग."

 सुतार आठवू लागला. आठ दिवस तो मनातल्या मनात काकांशी भांडत होता. उठता-बसता, रंधा मारता मारता. त्या भांडणात काकांच्या तोंडची सगळी वाक्यं त्यानंच रचली होती.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

"मग कुणाशी भांडतोस?" आईनं पाठ परत भिंतीला टेकली. "जा. आणि जाताना ती चप्पल घेऊन जा. मी उचलून ठेवलीय, कोपऱ्यात आहे."

---

काकांच्या अंगणात एका टोकाला खुंटा होता. काका एकटेच दोर वळायला बसले होते. दोर वळायला दोन माणसं लागतात. एक वाखाचे पेड धरतो, दुसरा लांब उभा राहून पीळ देतो. काकांची सून माहेरी गेली होती, म्हणून त्यांनी दुसरं टोक खुंट्याला बांधलं होतं, आणि खुंटा काही पीळ देत नव्हता. दोर वेडावाकडा होत होता.

सुतारानं चप्पल काकांच्या पायाशी, दुसरीच्या शेजारी ठेवली. काकांनी बघितलं. सुतारानं खुंट्यावरचं टोक सोडलं, फिरकीची दांडी हातात घेतली आणि मागं मागं सरकत दोर ताणला.

"उलटा फिरवतोयस," काका म्हणाले.

त्यानं दिशा बदलली.  वाखाची कुसळं उडून घामाला चिकटत होती, मान खाजत होती, पण हात सोडता येत नव्हता. सोडला असता तर सगळा पीळ उलगडला असता. काकांचंही तेच.

"मी चुकलो," सुतार म्हणाला. मध्ये वीस हातांचं अंतर, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणावं लागलं. शेजारीण खिडकीत आली.

"तुळईबद्दल?"

"नाही. तुळई कुजलीच आहे."

काका हसले. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

"तुमच्याच घरातला दोर आहे, काका. पीळ कुठून येणार दुसरीकडून?" मग जरा थांबून तो म्हणाला, "बोललो ते चुकलं. लोकांसमोर बोललो ते. आणि तुमचं म्हणणं काय आहे, ते विचारलंच नाही. आज विचारायला आलोय."

 काकांनी एक पेड पुढं सरकवला.

"ही तुळई आणली तेव्हा घरं दोन तटांत होती," ते म्हणाले. "बांधावरून वैर. पाण्यालाही एकमेकांकडे जात नव्हती. मूळ पुरुषांनी काय केलं, रानातून ओंडका आणताना एक तट पुढच्या टोकाला लावला, एक मागच्या. तीन कोस. मध्येच कुणी सोडलं असतं तर दुसऱ्याचा पाय गेला असता. इथं पोचेपर्यंत बोलायला लागले होते. 'उजवीकडे घे', 'दगड आहे', एवढंच. पण बोलले." काकांनी घाम पुसला, दंडानं, कारण हात गुंतले होते. "अंघोळ तुळईला नसते रे. ज्या घरांचं वर्षभर पटत नाही, ती त्या दिवशी एकाच शिडीला हात लावतात. एक चढतो, दुसरा शिडी धरतो. तू परसात एकट्यानं तुळई केलीस, छान केली असशील. पण मग ते प्रार्थनाघर तुझं झालं. आमचं नाही."

सुताराच्या हातातली फिरकी मंदावली.

"फिरव, फिरव," काका म्हणाले. मग खालच्या आवाजात, इतक्या खालच्या की सुताराला दोर ताणलेलाच ठेवून, हाताला गुंडाळत जवळ यावं लागलं, "तीन वर्षांपूर्वी पाणी ओतताना माझं बोट आत गेलं होतं. भिंतीजवळ. मी मेण भरलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या हयातीत पडू नये, एवढंच मागत होतो रोज. माझ्यानंतर काय ते तुम्ही बघा." काकांनी पेड घट्ट धरले. "आणि तुझी आई खाली बसते, तेही बघत होतो. प्रार्थना सांगताना एक डोळा तिच्याकडे असायचा माझा."

दोर पुरा झाला. सुतारानं गाठ मारली. त्याच्या हातात आता मेणाच्या गुपिताचं असं हत्यार होतं, की पुढच्या प्रार्थनेला नुसतं दाखवलं असतं तरी काकांना कायमचं घरी बसावं लागलं असतं. त्यानं हात धुतले.

"दोर किती लागतील, काका? तुळई चढवायला?"

"चार. जाड." काकांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "अजून हो म्हटलेलं नाही मी."

"मी कुठं विचारलंय?"

---

प्रार्थनेच्या दिवशी आभाळात पहिले कापसासारखे ढग होते. प्रार्थना झाली. सुतार या वेळी उभा राहिला नाही. काकांच्या समोर सतरंजीवर बसला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "पण आधी काकांचं म्हणणं सांगतो. चुकलं तर काका, थांबवा."

लोकांनी माना वळवल्या. तो सांगू लागला. दोन तट, तीन कोस, पुढचं टोक, मागचं टोक. "बारा घरांनी मिळून..."

"तेरा," काकांनी थांबवलं. "गुराख्यांचं घर मागून आलं. पण आलं."

"तेरा घरांनी," सुतार म्हणाला, आणि मागं बसलेल्या गुराख्यानं मान ताठ केली. सुतार सांगत राहिला. शिडीचं सांगितलं. एकट्यानं केलेल्या तुळईचं सांगितलं, ते सांगताना त्याचे कान लाल झाले. शेवटी त्यानं विचारलं, "हेच ना, काका?"

"हेच," काका म्हणाले. "मला इतकं नीट सांगता आलं नसतं."

"आता माझं. वाकडं बोललो तर ओढा." आणि त्यानं कुजलेल्या लाकडाचं सांगितलं. पाणी तुळईवरून भिंतीकडे कसं जातं, मातीत कसं मुरतं, कौलं किती पाणी पितात. कागदातला भुसा आणला नव्हता. आवाजही चढवला नाही.

गिरणीवालीला असलं गुळमुळीत चालत नसे. "म्हणजे आम्हीच कुजवली की नाही? सरळ सांग ना. मागच्या वेळी सांगत होतास तसं."

 काकांचे डोळे चौरंगावर होते. सुताराला बोटाचं आठवलं, मेणाचं आठवलं.

"मीही दरवर्षी तांब्या ओतलाय," तो म्हणाला. "वीस वर्षं. सुतार असून. पाण्यानं लाकूड कुजतं हे तुम्हाला कळलं नाही तर चालेल. मला कळायला हवं होतं. आधी माझी चूक, मग बाकीच्यांची."

काकांनी काठी उचलून परत ठेवली. "नाही," ते म्हणाले. "आधी माझी." आणि त्यांनी स्वतःच सांगितलं. बोट आत गेल्याचं, मेण भरल्याचं, सगळं. सांगून झाल्यावर त्यांनी सुताराच्या आईकडे बघितलं. "तुमच्या डोक्यावर मी तीन वर्षं मेण लावून ठेवलं."

आई म्हणाली, "माझं डोकं टणक आहे, भाऊजी. पुढचं बोला."

पुढचं बोलणं बराच वेळ चाललं, आणि ते काही साखरेत घोळलेलं नव्हतं. तुळई बदलायची हे ठरलं. पण अंघोळीचं काय? सुतार म्हणाला, पाण्याऐवजी प्रत्येक घरानं पळीभर जवसाचं तेल आणावं. तेलानं लाकूड टिकतं.

"पाणी फुकट असतं," काका लगेच म्हणाले. "तेल ज्याच्याकडे नसेल, तो त्या दिवशी दार लावून बसेल. तुझ्या लक्षात येत नाही हे, तुझ्याकडे तेल असतं."

सुताराला उत्तर जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि विचार केला. काका बरोबर होते. "मग फडकं," तो म्हणाला. "घरातलं जुनं फडकं प्रत्येकाकडे असतं. तेल एकाच भांड्यात, ज्याला जमेल त्यानं घालावं, कुणी किती घातलं ते बघायचं नाही. फडकं बुडवायचं, शिडी चढायची, पुसायचं."

"आणि पाणी ओतायची सवय आहे ज्यांना, त्यांचं काय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "मला नाही पटत."

"मलाही पुरतं पटलेलं नाही," काका म्हणाले. "पुढच्या वर्षापर्यंत वेळ आहे. भांडू सावकाश. छप्पर मात्र आधी."

गवंड्याची कंबर त्याच क्षणी बरी झाली.

---

जुनी तुळई उतरवली तेव्हा तिची टोकं हातात भाकरीसारखी तुटली. मधलं लाकूड मात्र अजून लालसर आणि घट्ट होतं. प्रार्थनाघरात लोखंडी खिळा चालत नसे, वासे तुळईला लाकडी खुंट्यांनी जोडलेले. सुतारानं त्या घट्ट लाकडाचे तेरा तुकडे केले आणि घराघरात एकेक दिला. ज्याची खुंटी त्यानं तासायची. कुणाची जाड झाली, कुणाची तिरकी. गुराख्याची सगळ्यात सुबक. पूर्वीचा ओळंबा असता तर बारा परत पाठवल्या असत्या. या वेळी त्यानं खुंट्या तशाच ठेवल्या आणि भोकं त्यांच्या मापानं पाडली.

नवी तुळई चढवायच्या दिवशी वारा सुटला होता, धूळ दातात कचकचत होती. काकांनी वळलेले चार दोर. पुढच्या टोकाला गवंडी आणि त्याच्याशी बांधावरून न बोलणारा गुराखी. "वर! अजून! डावं टोक थांबवा रे, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही का?" "म्हातारा कुणाला म्हणतोस?" खांदे सोलवटले, कुणाच्या तरी पायाच्या बोटावर दगड पडला, शिव्या प्रार्थनाघरात चालत नसल्यामुळे त्यानं नुसता मोठा श्वास घेतला. दुपार कलली तेव्हा तुळई जागेवर बसली. तेरा खुंट्या तेरा घरांनी ठोकल्या.

राहिला एक टेकू. सुतारांत रीत अशी, की शेवटचा टेकू काढताना ज्यानं काम केलं त्यानं तुळईखाली उभं राहायचं. पडली तर आधी त्याच्यावर. सुतारानं सगळ्यांना मागं सरकवलं. हातोडा घेऊन टेकूशी, आईच्या जागेवर उभा राहिला. 

काठीचा आवाज आला. काका येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

"काका, मागं व्हा. ही सुताराची रीत आहे."

"दोर माझे आहेत."

"दोर काढलेत केव्हाच!"

"मग खुंटी माझी आहे. तिसरी. तिरकी झालीय जरा." काकांनी काठी दोन्ही हातांनी धरली आणि वर बघितलं. "मार."

त्यानं घाव घातला. टेकू सरकला, कलंडला, जमिनीवर आदळला. वर तुळईनं एकदाच कर्र केलं, मोठं माणूस खाटेवर बसताना करतं तसं, आणि स्वस्थ झाली. धुळीचा एक पातळ थर दोघांच्या डोक्यांवर उतरला. 

मग बायकांच्या घोळक्यातून वाट काढत सुताराची आई आली. वर बघितलंही नाही.

"झालं का? मग सरका दोघंही," ती म्हणाली. "ही माझी जागा आहे."